अंतर नकाशावरचे आणि घड्याळातले

(धायरी येथे शिक्षक व परिसरातील पंचायत सदस्यांसमोर दिलेले व्याख्यान)



पुण्याहून नागपूर किती दूर, असे वर्गात विचारले तर उत्तरे निरनिराळी येतील आणि बहुतेक खरी असतील. मोटारीने जाणारा सातशेच्या वर किलोमीटर सांगेल, आगगाडीने जाणारा रात्रभराचा प्रवास सांगेल. लोहगाव व सोनेगाव या विमानतळांमधील हवाई अंतर मात्र सुमारे ६०५ किलोमीटर आहे. हे अंतर भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून काढलेले नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला असता येते ते. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. नागपूरपुरता फरक जाणवणार नाही. परंतु मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा उत्तरेकडे इतका वर सरकतो की मुले चकित होतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर पाऊण तासात संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ धरलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा तो काळ होय. धावपट्टीपर्यंत सरकणे, उंची गाठणे, वेग कमी करीत उतरणे आणि पाळीची वाट पाहणे हे सारे त्यात येते. लोहगावचा तळ १९३९ सालचा, मूळचा हवाई दलाचा. नागरी विमाने त्याच धावपट्टीवर येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस बंद राहिली, तेव्हा पुण्याची सारी नागरी वाहतूक थांबली. २०२४ मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. धावपट्टी तीच आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१७ मध्ये महापालिकेत अकरा गावे आली, त्यांत धायरीही होती आणि लोहगावचा उरलेला भागही. एक शहराच्या नैर्ऋत्येस, दुसरे ईशान्येस. येथून विमानतळ सरळ रेषेत सुमारे १९ किलोमीटर; पण वाट सिंहगड रस्त्याने, भर शहरातून. गर्दीच्या वेळी या मार्गाला दीड तास धरणारा मनुष्य भित्रा नव्हे, अनुभवी होय. त्यात विमानतळावर दोन तास आधी पोहोचण्याची शिस्त मिळवा. मुलाखतीस निघालेल्या उमेदवाराचे विमान चुकते ते बहुधा याच बेरजेत.

ही बेरीज कधी जिवावरही बेतते. काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या देहात कार्यरत व्हावे लागते. जुलै २०२४ मध्ये नागपूरच्या एका दात्याचे हृदय हवाई दलाच्या विमानाने सुमारे दीड तासात पुण्यास आणण्यात आले व येथील लष्करी हृदयरोग संस्थेत त्याचे रोपण झाले. त्या दिवशी पोलिसांनी रस्ते मोकळे करून दिले होते, कारण आकाशात वाचविलेली मिनिटे चौकात खर्ची पडून चालणार नव्हते.

माझी सूचना लहानशी आहे. आपल्या गावातून लोहगावला सकाळी, दुपारी व सायंकाळी किती वेळ लागतो, याची नोंद शाळांनी महिनाभर ठेवावी आणि ती पंचायतीच्या फलकावर लावावी.