अभ्यासाची भाषा वर्गातच घडते

ठाणे जिल्ह्यातल्या काशीगावसारख्या ठिकाणाहून मराठी शाळेत शिकलेली मुलं मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जातात, तेव्हा व्याख्यानं बरेचदा इंग्रजीत असतात. बोलण्यात चटपटीत असलेली मुलगी उत्तरपत्रिकेत अडते. तिला विषयच कळला नाही, असं शिक्षकांनी लगेच ठरवू नये.

बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला. स्थलांतरित मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे इंग्रजीचा एखादा जादा तास पुरणार नाही.

म्हणून, उदाहरणार्थ, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीच एखादा चांगला परिच्छेद फळ्यावर उलगडून दाखवावा : विधान कुठे आहे, पुरावा कोणता, निष्कर्ष कसा निघाला. चर्चा आधी मराठीत होऊ द्यावी, लिखाण त्यानंतर. आणि कच्चा खर्डा तपासताना व्याकरणाआधी युक्तिवाद पाहावा. मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी असू द्यावेत. मराठी विश्वकोश तर संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.