शिपायाच्या हातीं पुस्तक

युद्ध संपतें, तरवार म्यान होते. पण ती धरणाऱ्या हातानें पुढें काय करावें? अमेरिकेनें युद्ध चालू असतांनाच, २२ जून १९४४ रोजीं, कायद्यानें याचें उत्तर दिलें. परतलेल्या सैनिकाच्या शिक्षणास वर्षाकाठीं ५०० डॉलरपर्यंत खर्च, आणि एकट्या जिवास प्रारंभीं दरमहा ५० डॉलर निर्वाहवेतन. विद्यापीठें भटक्यांचे तळ होतील, अशी भीति शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांस वाटली. ती खोटी ठरली. सुमारें २२ लक्ष सैनिक महाविद्यालयांत गेले. वयानें थोराड, कित्येक संसारी, परंतु अभ्यासांत दक्ष. दक्षिणेंतील कृष्णवर्णीय सैनिकांस मात्र अनेक विद्यालयांचीं दारें बंदच राहिलीं. रणांगणावर गोळीनें कोणाचा रंग पाहिला नव्हता. तो विद्यालयाच्या उंबरठ्यावर पाहिला गेला.