जपानमधील परदेशी कामगार : त्याचे ताट आणि त्याची सुटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान, थोड्या संक्षेपाने)



ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान या दोन सरकारांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा एक कार्यक्रम जाहीर केला. पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीयांनी जपानला जावे, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. तेव्हा उद्या आपल्या तालुक्यातला एखादा तरुण तुमच्याकडे येईल आणि विचारील, "जाऊ की नको?" पगार किती, हा प्रश्न त्याने आधीच दलालाला विचारलेला असेल. मी आज दुसरे दोन प्रश्न पुढे ठेवणार आहे. तो तेथे काय खाईल? आणि सुटीच्या दिवशी कोठे हिंडेल? हे प्रश्न चैनीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु मजुराला आपण माणूस मानतो की केवळ श्रमशक्तीचा साठा, याची खरी परीक्षा याच दोन प्रश्नांत होते, असे माझे म्हणणे आहे.

ऑक्टोबर २०२४ अखेर जपानमध्ये सुमारे तेवीस लाख परदेशी कामगार होते. त्यांत व्हिएतनामी सर्वाधिक, त्यानंतर चिनी आणि फिलिपिनो. या सर्वांची स्थिती सारखी नाही. तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणारा भारतीय संगणक-अभियंता कुटुंब सोबत नेतो. तूरडाळ आणि मसाले विकणारी दुकाने त्याच्या घराजवळ आहेत. 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून गेलेल्या मजुराला मात्र बायकामुले आणण्याची परवानगी नाही. तो कोठल्यातरी लहान गावातील मासळीच्या कारखान्यात किंवा भाजीच्या मळ्यावर काम करतो, आणि एका घरात चारसहा जणांबरोबर राहून पाळीपाळीने शेगडी वापरतो. मी मुख्यतः या मजुराविषयी बोलणार आहे.

त्याच्या जेवणाची सुरुवात गमतीने होते. दुकानातला भाताचा तिकोनी गोळा, ज्याला ओनिगिरी म्हणतात, समुद्रशेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. पापुद्रा मऊ पडू नये म्हणून भात आणि शेवाळ यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. तो काढण्याचा क्रम वेष्टनावर १, २, ३ असे आकडे घालून दाखविलेला असतो. क्रम चुकला की भात एका हातात आणि पापुद्रा दुसऱ्या हातात राहतो! शाकाहारी माणसाची फजिती याहून मोठी. साध्या दिसणाऱ्या सारात, भाजीत, नूडल्सच्या रश्श्यातही वाळविलेल्या माशाच्या किसाचा अर्क बहुधा असतोच. 'मांस नको' असे सांगितले तरी मासा ताटात येतो, कारण बोलण्याच्या ओघात मांस म्हणताना तेथे कोणी मासा धरीत नाही. संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवली जाते. ती चिठ्ठी केव्हा लागते, हे परदेशी मजूर फार लवकर शिकतो. जपानी म्हातारीही त्याच वेळी तेथे आलेली असते; काटकसरीला राष्ट्रीयत्व नसते.

भाताचा हिशेब मात्र गमतीचा नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाच किलो तांदळाची सरासरी किंमत ४,२०० येनच्या वर गेली. वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. त्या वेळचे देशातील सरासरी किमान वेतन ताशी १,०५५ येन होते. म्हणजे पाच किलो तांदळासाठी चार तासांचे श्रम. 'मी तांदूळ कधी विकत घेतलेला नाही' असे बोलून गेलेल्या जपानच्या शेतीमंत्र्याला त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. त्यात येनचे मूल्य घसरलेले. २०२१ मध्ये डॉलरला सुमारे ११० येन पडत. जुलै २०२४ मध्ये ते १६० च्या पलीकडे गेले. घरी पाठविलेला प्रत्येक येन मायदेशात पूर्वीपेक्षा हलका ठरतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मजूर प्रथम आपल्या ताटालाच कात्री लावतो.

आता ज्याला आपण जपानी खाणे म्हणतो, त्याच्या इतिहासाकडे वळू. नागासाकीचा प्रसिद्ध पदार्थ चाम्पोन. तो चीनच्या फूज्यान प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन या माणसाने प्रचारात आणला. १८९९ साली त्याने उपाहारगृह काढले आणि गरीब चिनी विद्यार्थ्यांचे पोट भरावे म्हणून भाज्या, मासळी, मांस आणि नूडल्स यांचा हा स्वस्त रस्सा तयार केला. जपानभर लोकप्रिय असलेल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जेवणामागे कोरियन वस्त्यांचा हात आहे. ओसाकातील त्सुरुहाशीच्या बाजारात आजही लोक मुद्दाम त्यासाठी जातात. आपल्या रासबिहारी बोसांचे उदाहरणही तसेच. १९१५ साली इंग्रजांच्या हातून निसटून ते जपानला पोचले. तेथून हद्दपारीचा हुकूम निघाला, तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया या पावाच्या दुकानाच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपविले. पुढे ते त्यांचे जावई झाले. इंग्लंडमार्गे आलेली पिठाळ करी म्हणजे हिंदी जेवण नव्हे, हे दाखविण्यासाठी १९२७ मध्ये नाकामुरायात त्यांच्या पद्धतीची करी सुरू झाली. ती तेथे आजही मिळते.

जपानने परक्यांचे पदार्थ मनापासून स्वीकारले. माणसांच्या बाबतीत तसे घडले नाही. वसाहतीच्या काळात जपानी प्रजाजन गणले गेलेले कोरियन लोक एप्रिल १९५२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात येताच, एका शासकीय निर्णयाने परदेशी ठरले. त्यांचे भाजलेले मांस मात्र जपानी झाले! १९९० मध्ये कायदा बदलून ब्राझीलमधील जपानी वंशाच्या लोकांना कारखान्यांसाठी येऊ दिले. गुन्मा प्रांतातील ओइझुमी गावात ब्राझिली मांसाची दुकाने निघाली, आणि आज ते गाव 'जपानमधील ब्राझील' म्हणून पर्यटकांना दाखविले जाते. पण २००८ ची मंदी येताच सरकारने बेकार झालेल्या या मजुरांपैकी प्रत्येकाला तीन लाख येन देऊ केले. अट अशी, की मायदेशी जावे आणि त्याच दर्जाच्या व्हिसावर परत येऊ नये. दुकान हवे, दुकानदार मात्र मंदीत नको, असा त्याचा अर्थ होतो.

आता हिंडण्याकडे येतो. परदेशी प्रवाशाला सर्व देशभर रेल्वेने फिरण्याचा जो प्रसिद्ध पास मिळतो, तो अल्पकाळासाठी आलेल्या पाहुण्यासाठी आहे. तेथे राहून घाम गाळणाऱ्या परदेशी मजुराला तो मिळत नाही. त्याच्या उपयोगाचे दुसरे एक तिकीट होते, 'सेइशुन १८'. १९८२ पासून चालत आलेले हे तिकीट शाळांच्या सुट्यांच्या काळात निघते. त्यावर जलदगती गाड्या वर्ज्य; केवळ पॅसेंजर गाड्यांनी, स्टेशन-स्टेशन थांबत जायचे. पाच दिवसांचे हे तिकीट हवे ते पाच दिवस निवडून वापरता येई. आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळणाऱ्यासाठी ते वरदान होते. समुद्रकाठची खेडी, भातखाचरे, स्टेशनात मिळणारे त्या त्या गावचे डबे, असा जपान त्याला या गाड्यांतून दिसे. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते तिकीट सलग तीन किंवा सलग पाच दिवसच वापरावे, असा नियम झाला. हा बदल करताना परदेशी मजूर कोणाच्या ध्यानीमनी असेल असे मला वाटत नाही. पण सलग पाच दिवस त्याने आणायचे कोठून? कारखाने बंद असतात ते एप्रिलअखेरच्या सुट्यांत, ऑगस्टमधील पितरांच्या सणात आणि नववर्षाला. नेमक्या त्याच दिवसांत अवघा जपान रस्त्यावर असतो.

तरीही मजूर हिंडतो, आणि पर्यटकाला न दिसणारे पाहतो. क्योतोच्या फुशिमी इनारीच्या डोंगरावर हजारो लाल तोरणद्वारांची वाट आहे. तेथे प्रवेशशुल्क नाही आणि रात्रीही वाट बंद होत नाही. पाळी संपवून आलेल्याला ती मध्यरात्री मोकळी मिळते. चेरीच्या बहराखाली सतरंजी टाकून बसायला कोणी तिकीट मागत नाही. तोक्योच्या आसुकायामा टेकडीवर अठराव्या शतकात शोगुन योशिमुनेने चेरीची झाडे लावली, ती सामान्यांनी फिरायला यावे म्हणूनच.

एक प्रेक्षणीय स्थळ मात्र मजुराने अवश्य पाहावे. नागासाकीजवळचे हाशिमा बेट. कोळशाच्या खाणीसाठी बांधलेली ही काँक्रीटची वस्ती १९७४ मध्ये ओसाड पडली; २०१५ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. युद्धकाळात तेथे कोरियन आणि चिनी माणसांना सक्तीने राबविले होते. कोरियन व इतरांना इच्छेविरुद्ध आणून कठोर स्थितीत राबविल्याचे सांगण्याचे जपानने यादीत नाव लागताना मान्य केले होते. त्यासाठीचे माहिती-केंद्र निघाले ते २०२० मध्ये, बेटापासून दूर तोक्योत. आणि २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने त्याच्या अपुरेपणाबद्दल तीव्र खेद नोंदविला.

आजचा मजूर सक्तीने नेलेला नाही. तो स्वतः अर्ज करून जातो, आणि जपानचे कामगार कायदे त्याला लागू आहेत. हा फरक लहान नव्हे. परंतु कर्जाचेही एक जोखड असते. जपानच्या निवास-नियंत्रण खात्याने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की प्रशिक्षणार्थ्याने निघण्यापूर्वी मायदेशात सरासरी सुमारे ५ लाख ४० हजार येन भरलेले असतात आणि निम्म्याहून अधिक जण त्यासाठी कर्ज काढतात. म्हणजे पिळवणुकीचा पहिला हप्ता मजुराच्या स्वतःच्या देशातच वसूल होतो. पुढे, १९९३ पासून चालत आलेल्या या योजनेत साधारणतः तीन वर्षे मालक बदलता येत नाही. शेती आणि पशुपालन यांना तर कामाचे तास व सुटी यांविषयीच्या कायदेशीर तरतुदींतून मुळातच वगळले आहे. २०२३ या एका वर्षात साडेनऊ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थी कामाची जागा सोडून नाहीसे झाले. ज्याला राजीनामा देता येत नाही, तो पळून जातो. जून २०२४ मध्ये ही योजना रद्द करणारा कायदा जपानच्या संसदेने केला. एप्रिल २०२७ पासून यावयाच्या नव्या व्यवस्थेत एक ते दोन वर्षांनंतर, काही अटींवर, मालक बदलण्याची मुभा ठेवली आहे. जपानमधील कामगार संघटना, वकील आणि मजुरांना आसरा देणारी माणसे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीचा त्यात वाटा आहे. त्यांना आपण विसरता कामा नये.

मित्रहो, १९४७ साली अमलात आलेल्या जपानच्या राज्यघटनेतील पंचविसावे कलम निरोगी आणि सुसंस्कृत जीवनाच्या किमान पातळीचा हक्क देते. 'सुसंस्कृत' हा शब्द मला मोलाचा वाटतो. जिवंत राहणे पुरेसे नाही, असे ते कलम सांगते. पण तो हक्क तेथील राष्ट्रिकांना दिला आहे. आणि सार्वजनिक साहाय्याच्या कायद्याखाली परदेशी नागरिकाला तसा हक्क नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मिळविली ती १८९० मध्ये. त्या कामगारांतही बहुतेक परगावचेच होते, खाणावळीत जेवणारे आणि दाटीवाटीने राहणारे. आठवड्याचा एक दिवस स्वतःचा असावा, ही त्यांची मागणी पगारवाढीइतकीच मूलभूत होती.

म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या त्या तरुणाला 'जाऊ नकोस' असे सांगू नका. जग पाहण्याचा अधिकार काही धनिकांच्या मुलांचाच नाही. पण त्याच्याबरोबर बसून करारपत्र वाचा. आठवड्याची सुटी लिहिली आहे काय? राहण्याजेवणाचे पैसे पगारातून किती कापले जातील? स्वयंपाकाची सोय कोणती? दलालाला किती द्यायचे, आणि त्याची पावती मिळणार काय? मालक केव्हा बदलता येईल? प्रत्येक तालुक्यात ही पाच उत्तरे लेखी मागणारा एक तरी कार्यकर्ता असला पाहिजे. आणि आपल्या सरकारकडे एकच आग्रह धरू या : पन्नास हजार माणसे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केलेत, आता त्यांपैकी एकही कर्जबाजारी होऊन विमानात चढणार नाही, याची हमी द्या.