लेकीसोबत सीमेपलीकडे: दोन वर्षांची तयारी

आज बचत, कर्ज आणि परतफेड यांच्या थोडं पलीकडचं बोलायचं आहे. आम्ही म्हणजे ग्रामसंघाचं काम पाहणाऱ्या काही जणी आणि गटातल्या चार आया. या चौघींच्या मुली शाळेत गाईड आहेत. आम्ही मुलींना घेऊन नेपाळला जायचं ठरवलं आहे. तयारीचं एक वर्ष झालं, एक राहिलं. ही तयारी कशी चालली आहे ते सांगतो, म्हणजे कुणाला जावंसं वाटलं तर वाट सोपी होईल.

आधी गाईड म्हणजे काय ते थोडक्यात. पहिली ते चौथीच्या मुली बुलबुल असतात, पाचवीपासून गाईड. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, डाव्या हाताने हस्तांदोलन. गाठी मारणं, प्रथमोपचार, तंबू लावणं, चुलीवर रांधणं, नकाशा वाचणं हे सगळं मुली शिकतात. ‘खरी कमाई’ तर तुम्हाला माहीतच आहे. मुली भेळ विकतात, कुणाची शेंगा फोडायची मजुरी करतात आणि कष्टाचे चार पैसे मिळवतात. आपल्या देशात स्काऊट आणि गाईड दोघांना एकत्र घेणारी संस्था आहे, भारत स्काऊट्स आणि गाईड्स. तिची स्थापना १९५० साली झाली आणि पुढच्या वर्षी गाईडची चळवळही तिच्यात आली.

ही चळवळ जगभर असल्यामुळे गणवेशातल्या मुलीला दुसऱ्या देशातही बहिणी मिळतात. मुलींनी वर्गात हेच ऐकलं आणि घरी येऊन विचारलं, ‘आई, आपण कधी जायचं?’ मग घरोघरी तेच उत्तर. एवढ्या पैशात शिलाई मशीन येईल. लग्नाला सोनं होईल. पोरीच्या जातीला कशाला परदेश?

या बोलण्यात थोडं खरंही आहे, म्हणून आम्ही बैठकीत त्यावर नीट चर्चा केली आणि दोन नियम केले. पहिला, सहलीसाठी गटाचं कर्ज काढायचं नाही. गटाचं अंतर्गत कर्ज दवाखान्याला, बियाण्याला, धंद्याला आहे. ज्या घरावर सावकाराचं देणं आहे, तिथे आधी ते फेडायचं. दुसरा नियम, सहल मुलींनी आखायची. आयांनी फक्त विचारायचं आणि तपासायचं. मुलगी नुसती बोट धरून फिरून आली तर फोटो येतील. तिने तिकीट, पैसा, कागद, नकाशा सगळं स्वतः पाहिलं तर पुढे कॉलेजला, नोकरीला ती एकटी जाईल तेव्हा आपल्या पोटात गोळा येणार नाही. आमच्या मते खरं शिक्षण या तयारीतच आहे.

नेपाळच का? मुलींनीच कारणं लिहून आणली. १९५० च्या मैत्री करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. मनमाड, भुसावळवरून जाणाऱ्या रेल्वेने गोरखपूरला उतरता येतं. तिथून सोनौलीची सीमा साधारण १०० किलोमीटर. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या वाचता येतात. आईला तिथे आमा म्हणतात, थोरलीला दिदी, धाकटीला बहिनी. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

आता पैसा. आठ-नऊ दिवसांसाठी मायलेकीचा मिळून ३० हजार रुपये खर्च धरला. आईने महिन्याला एक हजार टाकायचे, मुलीने २५०. महिन्याचे १,२५०, चोवीस महिन्यांत ३० हजार. त्यासाठी बँकेत दोन वर्षांचं आवर्ती खातं काढलं. मुलीचे २५० खऱ्या कमाईचे. एक गोधडीला टाके घालते, एक शनिवारच्या बाजारात लिंबं विकते. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँक देऊ शकते, तसं खातं चौघींचं निघालं. भरणा पावती मुलगीच लिहिते. गटाच्या वहीसारखी तिचीही वही आहे आणि ती दर महिन्याला बैठकीत वाचून दाखवते.

कागदपत्रांकडे नीट लक्ष द्या. नेपाळला जायला मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. अनेकींना वाटतं आधार पुरेल. १५ ते ६५ वयाच्या माणसाला एकट्या आधारवर भागत नाही. १५ वर्षांखालच्या मुलीला फोटो असलेलं ओळखपत्र चालतं, त्यात आधार येतं. १५ ते १८ मधल्या मुलीला मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र चालतं. विमानाने जाताना हे सगळं काटेकोर पाहतात, रस्त्याने जातानाही हीच कागदं जवळ ठेवायची. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी महिनाभर पुन्हा चौकशी करायची.

जमलं तर मुलीचा पासपोर्ट काढून ठेवा, तो पुढेही कामाला येतो. काही मोठ्या पोस्टातही आता पासपोर्टची सोय आहे. आई-वडील दोघांची संमती जोडावी लागते. एकट्या पालकासाठी वेगळा नमुना आहे, त्यामुळे विधवा किंवा परित्यक्ता बहिणींनी अडून राहू नये. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का ते आजच पाहा. आमच्यातल्या एका मुलीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघालं. दुरुस्तीला चार महिने गेले. दोन वर्षं हाताशी होती म्हणून ते निभावलं.

मैत्रिणींनो, एक गंभीर गोष्ट. भारत-नेपाळ सीमा खुली आहे आणि त्याच वाटेने मुलींना फसवून नेणारी टोळकीही फिरतात. म्हणून सीमेवर पोलीस आणि संस्थांचे कार्यकर्ते मुलीसोबतच्या माणसांना थांबवून विचारतात. राग मानू नका, ती विचारपूस आपल्याच लेकींसाठी आहे. मायलेकीचं नातं दाखवणारा कागद, वडिलांचं संमतीपत्र आणि घरचे फोन नंबर वेगळ्या पिशवीत ठेवा. मुलीला नंबर पाठ हवेत. काम देतो, फिरवून आणतो म्हणणाऱ्यासोबत चार पावलंही जायचं नाही, हे रोज बजावायचं.

दुसरी फसवणूक गावातच होते. ‘तुमची मुलगी परदेशी शिबिरासाठी निवडली गेली, आठ दिवसांत पैसे भरा’ असं कुणी सांगितलं तर आधी शाळेच्या गाईड कॅप्टनला विचारा. खरी निवड जिल्हा आणि राज्य कार्यालयामार्फत लेखी येते. आमच्यासारखं खाजगी जाणाऱ्यांनीही जिल्हा कार्यालयाला कळवावं. गणवेश घालायचा का, ओळखीचं पत्र मिळेल का हे त्यांनाच विचारावं. काठमांडूत लैनचौरला नेपाळ स्काऊटचं मुख्यालय आहे. तिथल्या मुलींना भेटता यावं म्हणून आमच्या मुलींनी पत्राचा मसुदा केला आहे.

काय पाहायचं, तेही मुलींनी ठरवलं. आधी लुंबिनी, जिथे गौतम बुद्धांचा जन्म झाला. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. मग दिवसभर डोंगराचा प्रवास करून काठमांडू. पशुपतिनाथाचं दर्शन आणि भक्तपूरचा कुंभारांचा चौक. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पडलेली आणि पुन्हा उभारलेली देवळंही बघायची. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपण विसरलो नाही. लोक पुन्हा कसे उभे राहतात हे मुलींनी पाहावं. काठमांडूच्या खोऱ्यातच रेडिओ सगरमाथा आहे. १९९७ साली सुरू झालेलं हे दक्षिण आशियातलं पहिलं स्वतंत्र सामुदायिक रेडिओ केंद्र. आज तुम्ही आमचा आवाज ऐकताय त्या वाटेवरचं पहिलं पाऊल तिथे पडलं. आयांना मात्र तिथले आमा समूह बघायचे आहेत, गावातल्या बायका एकत्र येऊन काम कसं करतात ते.

वेळ एप्रिलअखेरची, परीक्षा संपल्यावर. पावसाळ्यात डोंगरात दरडी कोसळतात, तेव्हा नको. दिवाळीनंतर छठपूजेमुळे गोरखपूरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, त्याच सकाळी मुली खिडकीवर असतील. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. शंभराच्या नोटा सोबत घ्यायच्या, मोठ्या नोटांचा नियम बँकेत विचारायचा.

आणि ज्यांना यातलं काही जमणार नाही त्यांनी खट्टू होऊ नका. जगभरच्या गाईडसाठी जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यातलं एक, ‘संगम’, १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. देशोदेशीच्या मुली तिथे येतात. शाळेच्या गाईड कॅप्टनमार्फत आधी परवानगी काढून पाहा. एसटीच्या तिकिटात लेकीला परदेशी मैत्रीण भेटू शकते.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या किती मुली गाईड आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकीचे तीन कागद शेजारी ठेवून नाव जुळतं का ते मुलीलाच तपासायला सांगा. कुठेही जायचं असो वा नसो, ते काम होऊन जाईल. आमचं आवर्ती खातं मार्चमध्ये पूर्ण होतंय. परत आल्यावर याच केंद्रावर बोलू, पण तेव्हा माईकसमोर आमच्या मुली असतील.