एका लेकरासाठी एक लस



बोईसरच्या कामगारांत तीस वर्षे वावरलेला मनुष्य बोनस आणि ठेकेदारी यांवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. माझे शाळेतील शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे लोकलच्या डब्यात वाचून मिळवलेले. तरी आज मी कर्करोगावरील नव्या लसीविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण एक सात वर्षांची मुलगी आहे.

तिचा बाप आमच्या युनियनचा सभासद. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका डाईंगमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. पहाटेच्या गाडीने तो तिला परळच्या टाटा रुग्णालयात नेई. गुण आला, पण दीड वर्षाने रोग उलटला. तेव्हा त्याने मला विचारले, "दादा, पेपरात आलंय, आता प्रत्येकासाठी वेगळी लस काढतात म्हणून. आमच्या पोरीसाठी काढतील का?" मला उत्तर देता येईना. ते शोधताना जे समजले, ते आपणांपुढे मांडतो.

१० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती लस सर्वांना एकच, कारण जंतू सर्वांना सारखाच. कर्करोग मात्र आपल्याच पेशींतून उठतो. पेशीच्या आत जो मजकूर लिहिलेला असतो, त्यातली काही अक्षरे बदलतात, आणि ती प्रत्येक रोग्यात बहुधा निराळी असतात. म्हणून शास्त्रज्ञ गाठीतला मजकूर निरोगी पेशींशी ताडून पाहतात आणि त्या एकाच रोग्यापुरती लस करतात. ती शरीराच्या रक्षक पेशींना शत्रूची खूण पटवून देते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील असा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या १६ जणांपैकी ८ जणांच्या रक्षक पेशी जाग्या झाल्या. लस तयार होऊन टोचेपर्यंत सुमारे नऊ आठवडे लागले. पण ही सारी प्रौढ माणसे. मुलांच्या कर्करोगात असे बदल फार थोडे, म्हणजे नेम धरायला खुणाच थोड्या. शिवाय रोगी थोडे, म्हणून बाजाराला त्यात नफा दिसत नाही.

आपल्याकडे याच्या जवळचे काम झाले आहे. ते लसीचे नव्हे, पण तेही एकेका रोग्यासाठी वेगळे. पवईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनी टाटांच्या डॉक्टरांसह रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी घेऊन, त्यांत नवे जनुक घालून, त्यांना रोगट पेशी ओळखायला शिकवले. भारतातला असा पहिला उपचार ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात झाला. त्यासाठी सरकारी निधीतून १९.१५ कोटी रुपये मंजूर झाले होते. हे टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे आपल्या तारापूरचे वीजकेंद्र ज्या खात्याचे, त्याच खात्याचे. हा पैसा आपला आहे, हे विसरू नका.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला परवानगी मिळाली, ती १५ वर्षे व त्यावरील रोग्यांसाठी. किंमत ३० ते ४० लाख सांगितली गेली. अमेरिकेत याच्या साधारण दसपट. स्वस्त खरे, पण आमच्या सभासदाची आयुष्याची कमाई तेवढी होत नाही. आणि त्याची मुलगी सात वर्षांची.

या प्रयोगशाळांतून पीएच.डी. झालेली तरुण मुले-मुली रात्रंदिवस राबतात. त्यांना पोस्टडॉक्टरल संशोधक म्हणतात. नेमणूक पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांची; अनुदान संपले की पुढचे ठाऊक नाही. हे वाचले आणि मला आमचे ठेकेदारीतले कामगारच आठवले. ज्या कामाला दहा वर्षे लागतात, ते एक वर्षाच्या कागदावर कसे व्हावे?

इकडे मुलीच्या बापाचे खाडे झाले म्हणून ठेकेदाराने त्याचे नाव कमी केले. नाव गेले की विम्याचा हप्ता तुटतो, आणि ऐन गरजेच्या वेळी हक्क अडतो. गेटवर बसून आम्ही त्याला परत घ्यायला लावले. त्यात दोन महिने गेले. आजारी लेकराला दोन महिने म्हणजे किती, ते आईबापांना विचारा.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. मुलांच्या विरळ कर्करोगावरील संशोधन सार्वजनिक पैशाने चालावे आणि ते करणाऱ्यांना स्थिर नेमणूक मिळावी. त्यातून निघालेल्या उपचाराची किंमत ठरविताना जनतेने आधीच घातलेला पैसा मोजावा. आणि ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या मुलाचा उपचार तुटू नये. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीच्या हातच्या असतील. तिसरी मात्र बोईसरमध्ये आपण उद्यापासून मागू शकतो.

त्या बापाला मी शेवटी खरे तेच सांगितले: "तिच्यासाठी अजून नाही निघाली. डॉक्टर सांगतील ती औषधे सोडू नकोस." तो ती सोडत नाही. काल पहाटेच्या गाडीनेही ती दोघे परळला गेली.