अजिंठ्याचा वाटाड्या

अनोळखी मुलखांत जाणारा मनुष्य वाटाड्या सोबत घेतो तो वाट चुकूं नये म्हणून. अजिंठ्यास वाट चुकण्याची भीति मुळींच नाहीं. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, सुमारें ७५ मीटर उंचीच्या उभ्या कड्यांत, एकाशेजारीं एक अशीं ३० लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांच्यापुढून बांधीव पायवाट जाते आणि प्रत्येक लेण्यास अनुक्रमांक दिलेला आहे. लहान मूलहि एकटें फिरून येऊं शकेल. तरीहि तेथें जाणाऱ्या बहुतेकांना वाटाड्या लागतो. तो पायांसाठीं नव्हे, डोळ्यांसाठीं. अंधारांत कोठें थांबावें, काय पहावें, किती वेळ पहावें आणि केव्हां बाहेर पडावें, हें सांगणारा कोणी तरी असावा लागतो. असा वाटाड्या चांगला असला म्हणजे काय साधतें आणि नसला म्हणजे काय हातचें जातें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

पहिला प्रश्न आरंभ कोठून करावा हा. लेण्यांना दिलेले क्रमांक हे त्यांच्या जागेचे आहेत, वयाचे नव्हेत. सर्वांत जुनीं लेणीं रांगेच्या मधोमध आहेत. ९ व १० हीं चैत्यगृहें आणि त्यांच्या आसपासचे कांहीं विहार इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतले होत. त्यानंतर छिन्नीचा आवाज जवळजवळ चारपांचशें वर्षें थांबला. तो पुन्हां घुमूं लागला तो इ. स. च्या पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या अमदानींत. या राजाची गादी वत्सगुल्म येथें होती. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. आयुष्याचीं अनेक वर्षें अजिंठ्याच्या अभ्यासांत घालविणारे वॉल्टर स्पिंक यांच्या मतें हा दुसरा सगळा खटाटोप अवघ्या वीस वर्षांच्या आसपास उरकला. सर्व पंडितांना हें मान्य नाहीं. परंतु काम मोठ्या चढाओढीनें चाललें असावें, हें अर्ध्यावर टाकलेलीं लेणीं पाहणाऱ्यास पटतें.

घाईचा वाटाड्या मंडळींना फाटकापासून सरळ पहिल्या लेण्यांत नेतो, आणि गोष्ट मधूनच सुरू होते. चांगला वाटाड्या त्यांना प्रथम दहाव्यांत नेतो. तेथें बुद्धाची कोरीव मूर्ति नाहीं. लांबट दालन, दोहों बाजूंस खांबांच्या रांगा आणि टोंकाशीं भव्य स्तूप, एवढेंच. दालनाची ठेवण लांकडी बांधकामाची नक्कल करणारी आहे. सुतारानें जें लांकडांत केलें तें पाथरवटानें पाषाणांत केलें. दर्शनी कमानीवरील ब्राह्मी लेखांत दात्याचें नांव वासिष्ठीपुत्र कटहादि असें आहे. पांचव्या शतकांतल्या चित्रकारांनीं मग याच जुन्या खांबांवर बुद्धाच्या आकृति रंगविल्या. म्हणजे पहिल्या पिढीनें ज्याला मनुष्यरूपांत दाखविलें नाहीं, त्याला पुढच्या पिढ्यांनीं समोर उभें केलें. हा फरक एकदां ध्यानांत आला म्हणजे बाकीचीं लेणीं आपोआप बोलूं लागतात.

त्याच दालनांत एका खांबावर आणखी एक नांव खरडलेलें आहे. इ. स. १८१९ च्या एप्रिलांत वाघाच्या मागावर आलेला जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज घोडेस्वार अधिकारी येथें शिरला आणि त्यानें आपलें नांव व तारीख चाकूनें कोरली. तें आज डोक्याहून उंच दिसतें, कारण त्या वेळीं जमिनीवर मातीदगडांचा ढीग सांचलेला होता. हें नांव दाखवितांना वाटाडे बहुधा हंसून बोलतात. वास्तविक तेथें हंसण्यासारखें कांहीं नाहीं. त्याच्या मागून आलेल्या कितीएकांनीं हाच कित्ता गिरविला आहे.

दुसरा प्रश्न हें काम झालें कसें, हा. त्याचें उत्तर पुऱ्या झालेल्या लेण्यांत मिळत नाहीं, अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत मिळतें. म्हणून जाणता वाटाड्या चोविसाव्या लेण्याशीं थोडा थांबतो. पाथरवट वरून खालीं खोदीत येत. आधीं छत, मग भिंती, शेवटीं जमीन. त्यामुळें परांची बांधण्याची गरज फारशी पडत नसे. टिकावानें खोल चर पाडावयाचे, मधले उंचवटे फोडून काढावयाचे आणि मग छिन्नीनें पृष्ठभाग सारखा करावयाचा, असा क्रम होता. ज्या भिंतींवर चित्रें काढावयाचीं त्या मुद्दाम खडबडीत ठेवीत. त्यांवर माती, भाताचें तूस, गवताचे व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. ओल्या चुन्यावर रंगविण्याची युरोपांतील रीत ती ही नव्हे. तांबडा व पिंवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, काळा काजळीचा, हिरवा एका दगडाचा. हे जवळपास मिळणारे. निळा मात्र राजावर्त नांवाच्या रत्नाचा, आणि तें रत्न दूर अफगाणिस्तानांतल्या बदख्शानहून येई. या एका निळ्या रेषेंत व्यापाराचा केवढा मार्ग दडलेला आहे!

येथेंच दंतकथांचा बंदोबस्त करावा लागतो. भिक्षूंनीं फावल्या वेळांत चित्रें काढलीं, ही गोष्ट ऐकावयास गोड आहे. पण शिलालेख वेगळें सांगतात. सोळावें लेणें हरिषेणाचा अमात्य वराहदेव यानें करविलें, सतरावें एका मांडलिक राजानें, सव्विसावें बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूनें. दाते असे होते, आणि काम कसबी कारागिरांचें होतें. पहिल्या लेण्यांतील परदेशी वेषाच्या आकृति पाहून इराणच्या शहानें दुसऱ्या पुलकेशीकडे पाठविलेला हा वकील, असें पूर्वीं सांगत आणि अद्याप कांहीं वाटाडे सांगतात. पुलकेशी सातव्या शतकांतला, लेणें पांचव्या शतकांतलें. हिशेब जमत नाहीं. लोकांना आवडतें म्हणून खोटें सांगणारा वाटाड्या आणि गिऱ्हाइकाला आवडतें म्हणून भेसळ करणारा दुकानदार यांत अंतर थोडेंच.

आतां पहिलें लेणें. गाभाऱ्यांत धर्मोपदेश करणारी बुद्धाची मोठी मूर्ति आहे. दिवा एका बाजूस धरला तर मुद्रा गंभीर दिसते, दुसऱ्या बाजूस धरला तर ओठांवर स्मित उमटतें, समोरून ती ध्यानस्थ वाटते. हा चमत्कार प्रत्येक वाटाड्या दाखवितो. मंडळी ‘वाहवा’ म्हणतात आणि पाठ फिरवितात. त्याच गाभाऱ्याच्या दाराशीं, डाव्या हातास, पद्मपाणि उभा आहे. हातांत कमळ, मस्तकीं रत्नखचित मुगुट, देह किंचित् वांकलेला आणि डोळे खालीं झुकलेले. भोंवतीं राजवैभव आहे आणि दृष्टि त्यांतल्या कशावरहि नाहीं. तेथें दिव्याची करामत चालत नाहीं. तेथें फक्त उभें राहावें लागतें.

एक साधा उपाय मात्र आहे. एका कुटुंबाला घेऊन आलेला एक वृद्ध वाटाडी ओसरीवरच सर्वांस थांबवितो आणि म्हणतो, “आजोबा, ताई, आतां मिनिटभर डोळे मिटा. उन्हांतून आलेले डोळे आंत आंधळे असतात.” पोरें हंसतात, पण मिटतात. मग तो हलक्या आवाजांत चित्राची कथा ओसरीवरच सांगून टाकतो. आंत गेल्यावर एक शब्द बोलत नाहीं. पोरें भिंतीवरून स्वतःच महाजनक राजा शोधून काढतात. आजोबांचा हात खिशांतल्या घड्याळाकडे गेलेला असतो, तो तसाच राहतो.

कथा आधीं सांगण्याचें महत्त्व सोळाव्या लेण्यांत विशेष पटतें. तेथील एका स्त्रीच्या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असें नांव गेल्या शतकापूर्वींच पडलें आणि पुष्कळ पुस्तकांतून तें चालत आलें. परंतु ती मरत नाहीं. ती सुंदरी, बुद्धाचा बंधु नंद याची पत्नी. पतीनें संन्यास घेतला, आणि त्याचा उतरलेला मुगुट घेऊन सेवक समोर उभा आहे. मुगुट दिसला कीं दुःखाचा अर्थच बदलतो. सतराव्या लेण्यांत याच दुःखाचें दुसरें रूप आहे. ज्ञान झाल्यावर बुद्ध कपिलवस्तूस परत येतो आणि स्वतःच्याच दारीं भिक्षापात्र घेऊन उभा राहतो. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्धाची आकृति प्रचंड, हीं दोघें अगदीं लहान. आई मुलाला पुढें करीत आहे. घर सोडणाऱ्यांच्या गौरवासाठीं कोरलेल्या या डोंगरांत, मागें राहिलेल्यांची व्यथा चित्रकार विसरले नाहींत. सव्विसाव्यांत शेवटीं महापरिनिर्वाण आहे: ७ मीटरांहून लांब निजलेली बुद्धमूर्ति, खालीं शोक करणारे शिष्य आणि वर आनंदानें वाद्यें वाजविणारे गंधर्व. एकाच क्षणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि एकाच भिंतीवर आहेत.

हें सर्व पाहिल्यावर एक अवघड गोष्ट सांगावीच लागते. या चित्रांना सर्वांत मोठा धोका त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांचाच झाला आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून कित्येक वर्षें खपून नकला केल्या. १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत त्यांतील बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां तेंच काम केलें. त्यांतल्याहि पुष्कळ नकला १८८५ सालीं लंडनच्याच आगींत गेल्या. नकला करतांना चित्र उजळ दिसावें म्हणून भिंतीवर रोगण चढविलें गेलें. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें दोन इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटूं लागलेले थर भिंतीस पुन्हां धरविले, हे त्यांचे उपकार. पण त्यांनीं दिलेला लाखेचा लेप पुढें काळवंडला. तो अलगद काढण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना अनेक वर्षें करावें लागलें. नकला जळाल्या, औषधानें रोग वाढविला. उरली ती मूळ भिंत, एकटीच.

त्या भिंतीला आतां माणसाचा श्वासहि बाधतो. दालनांत गर्दी झाली कीं दमटपणा व उष्णता वाढते, आणि मातीच्या गिलाव्याला तीच नकोशी. म्हणून चित्रें असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळीं थोड्याच लोकांना सोडतात, जोडे बाहेर काढावे लागतात, छायाचित्र घेतांना लखलखाट करण्यास बंदी आहे, आणि आंतला दिवा मंद ठेवलेला असतो. पुष्कळ मंडळी या मंद दिव्याबद्दल कुरकुर करतात. पैसे दिले, इतक्या लांबून आलों, आणि धड दिसतहि नाहीं! पण जो दिवा आज कमी दिसूं देतो तोच उद्यांच्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवतो.

म्हणूनच चांगल्या वाटाड्याचें काम विलक्षण आहे. त्यानें लोकांना आंत न्यावयाचें आणि लवकर बाहेरहि काढावयाचें. थोड्या मिनिटांत पुष्कळ दाखवावयाचें आणि तेंहि न बोलतां. जो सगळीं लेणीं दोन तासांत दाखवून मंडळींना त्याच दिवशीं वेरूळला धाडतो, त्यानें त्यांना कांहींच दाखविलें नाहीं. अजिंठा व वेरूळ यांच्यामध्यें जवळजवळ १०० किलोमीटरांचें अंतर आहे. ज्यांना दोन्ही पाहावयाचीं त्यांनीं दोन दिवस काढावे. सोमवारीं अजिंठा बंद असतो, हें निघण्यापूर्वींच ध्यानांत ठेवावें. नंद, राहुल, महाजनक यांच्या कथा घरींच मुलांना सांगून ठेवाव्या. दहावें, पहिलें, सोळावें, सतरावें आणि सव्विसावें एवढींच लेणीं मनापासून पाहिलीं तरी प्रवास सुफळ झाला असें समजावें. वेळ उरल्यास नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन संबंध कडा एकदां डोळे भरून पहावा.

कारागिरांनीं हा डोंगर पोखरला तेव्हां त्यांत वीज नव्हती. मिळेल तेवढ्याच उजेडांत त्यांनीं काम केलें, आणि तेवढ्याच उजेडांत पाहणाऱ्यांवर विश्वास ठेवला. तो विश्वास खरा ठरविणें अजून पाहणाऱ्याच्याच हातीं आहे.