माप आधी सांगा



स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करते. वसई-विरारहून आलेली मंडळी समोर दिसताहेत. त्यांना पाहुणे म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांच्या नळाला जाणारं सूर्या नदीचं पाणी याच मासवण गावच्या पंपिंग स्टेशनमधून उचललं जातं. मासवणचं पाणी ते रोज पितात, आज फक्त ते गावाला भेटायला आले आहेत.

नोकरीतल्या मूल्यमापनावरची परिषद मुंबई-पुण्याच्या सभागृहात न घेता मासवणला का घेतली, असं काहींनी विचारलं. त्याला कारण आहे. माणसाच्या कामाचं मोल कोणी आणि कसं ठरवायचं, हा प्रश्न या मुलखाने फार आधी विचारला आहे.

साल १९४५. उंबरगाव-डहाणू भागातल्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठ नाकारली. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात त्यांनी मागणी मांडली: पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मला आज त्या मागणीची मांडणी दाखवायची आहे. ‘आमच्यावर दया करा’ असं तिच्यात कुठे नाही. काम किती आणि त्याचे पैसे किती, हे आधी ठरवा, एवढंच आहे. सावकाराची मर्जी बाजूला सारून तिथे वजन आणि दर आणायचा होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी मूल्यमापनाचा पहिला नियम सांगून ठेवला.

हा नियम कुठे अडतो, ते मी शाळेच्या नोकरीत पाहिलं. पुढे मुख्याध्यापिका झाले, तेव्हा सहकाऱ्यांचे गोपनीय अहवाल भरणं माझ्या वाट्याला आलं. पट किती, हजेरी किती, निकाल किती, हे रकाने भरताना हात अडत नाही. अडचण सुरू होते ती ‘पुढाकार’, ‘नेतृत्व’, ‘वागणूक’ या रकान्यांपाशी. तिथे मोजायला काही नसतं आणि लिहिणाऱ्याच्या मनातलं सगळं तिथे उतरतं. बैठकीत ठाम बोलणारा पुरुष खंबीर ठरतो, तसंच बोलणारी बाई भांडकुदळ. पाड्यावरून आलेला तरुण कमी बोलला की त्याच्यात पुढाकार नाही. बाळंतपणाची रजा घेतली की कामात लक्ष नाही. हे लिहिणारे दुष्ट असतात असं नाही. बहुतेकांना आपण न्यायानेच लिहितो आहोत असं वाटत असतं, म्हणून तर दुखणं अवघड आहे.

हा नुसता मनाचा खेळ नाही, हे तपासलं गेलं आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो आणि बॉस्टनमध्ये सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना काळ्यांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली. तो त्यांचा वर्णद्वेष, असं म्हणून आपण मोकळे होऊ, तर आपले अमरावतीकडचे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली भारतातला तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारखेच अर्ज गेले. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. कामाचा एक दिवसही भरला नव्हता, तोवर मूल्यमापन होऊन गेलं होतं.

पण मापातला सगळ्यात खोल दोष रकान्यात दिसत नाही, आणि त्यावर या परिषदेने जास्त वेळ द्यावा अशी माझी विनंती आहे. माप सर्वांना एकच असूनही ते अन्यायाचं असू शकतं. आपल्या रोजगार हमी योजनेचं उदाहरण घ्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. तिथे बाईची मजुरी वेगळी आणि गड्याची वेगळी हा प्रकार नव्हता. जेवढी माती निघेल तेवढे पैसे. आवणीच्या चिखलात दोन दर पाहिलेल्या बायकांना ती मोठी गोष्ट वाटली, आणि ती होतीच. मात्र एका दिवसात किती माती निघावी, हे धडधाकट गड्याची ताकद समोर ठेवून ठरवलं, की दर सारखा असूनही संध्याकाळी बाईच्या हातात कमीच पैसे पडतात.

हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने सैन्याच्या बाबतीत सांगितली. २०२० साली न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीसाठी विचार होण्याचा हक्क दिला. सैन्याने त्यांचं मूल्यमापन केलं, निकष पुरुषांचेच लावले. वरवर पाहता बरोबर. मग लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर अधिकारी पुन्हा न्यायालयात गेल्या. २५ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात त्या निकषांचं सालपट निघालं. पुरुषांची शारीरिक तपासणी त्यांच्या ऐन तिशीच्या आसपास झाली होती. बायकांना तीच कसोटी चाळिशी ओलांडल्यावर लावली. सुरुवातीच्या वर्षांचे गोपनीय अहवाल धरले आणि नंतरच्या वर्षांत मिळवलेले सन्मान बाजूला ठेवले. आणि ते जुने अहवालही कसे? या बायका कायम होणारच नाहीत असं तेव्हा लिहिणारे धरून चालले होते, म्हणून ते हातावेगळे केल्यासारखे लिहिलेले. ज्याला पुढे न्यायचंच नाही, त्याच्याबद्दल कोण मन लावून लिहिणार? न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

आपल्या कंत्राटी कामगारांनी हा निकाल जरूर समजून घ्यावा. तात्पुरता म्हणून ज्याची नोंदच नीट ठेवली नाही, त्याला उद्या कायम करायची वेळ आली की ‘नोंद चांगली नाही’ असं सांगितलं जातं.

कधी कधी तर काम कोणाचं, हेच हरवतं. वारली चित्रकला आज जगभर पोचली आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेपुढे आपण नतमस्तकच आहोत. पण लग्नघराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहायचा मान पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींचा होता. त्या भिंतीवर लिहीत होत्या तोवर तो विधी होता, कागदावर आला तेव्हा ती कला झाली, आणि कलाकार म्हणून नावं लागली ती बहुतेक पुरुषांची.

मोजलेलं दाखवलंच जात नाही, त्याबद्दल आणखी एक निकाल सांगते. देव दत्त नावाचे अभियंते होते. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. ‘चांगला’ या शेऱ्याने त्यांची बढती अडली, आणि तो शेरा त्यांना कधी दाखवलाच नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे.

मित्रहो, समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण वेतन ही शेवटची पायरी. तिच्या आधी शेरा, रेटिंग, बढती या पायऱ्या येतात, आणि तिथे पडलेला माणूस समान वेतनापर्यंत पोचतच नाही. म्हणून या दोन दिवसांच्या चर्चेतून तीन मागण्यांचा ठराव व्हावा, असं मला वाटतं. माप वर्षाच्या सुरुवातीला सांगा. ते कोणाला समोर धरून बनवलं, हे तपासा, आणि ते तपासायला बायका, आदिवासी, दलित, कंत्राटी कामगार बसू द्या. आणि काय मोजलं ते ज्याचं मोजलं त्याला दाखवा, त्याला उत्तर देऊ द्या. आज इथे अधिकारीही आले आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, की याने तुमचा अधिकार कमी होत नाही, तुमच्या सहीवरचा विश्वास वाढतो.

जेवणाची, मुक्कामाची व्यवस्था गावातल्या बचत गटांच्या महिलांनी आणि तरुण मंडळींनी केली आहे. काही उणं वाटलं तर संकोच न करता आम्हाला सांगा. मूल्यमापनाच्या परिषदेत यजमानांचंही मूल्यमापन व्हायला हवं, फक्त शेरा तोंडावर द्या, पाठीमागे नको!

अध्यक्षांनी परिषदेचं काम सुरू करावं अशी विनंती करते.